दालचिनी, खमीर आणि ‘कोणाच्या हातचं?’

श्रावणातला रविवार होता. सकाळचे सात वाजले तरी लोणावळ्यात उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. धुकं इतकं दाट की समोरच्या इमारतीचा नुसता आकार दिसत होता. दहावीतली माझी लेक, जिला शाळेच्या दिवशी तीन हाका मारल्याशिवाय जाग येत नाही, ती त्या दिवशी माझ्या आधी उठून ओट्यावर मैदा मोजत बसली होती. तिला सिनेमन रोल करायचे होते. मोबाइलवर कितीतरी व्हिडिओ बघून झाले होते. मी म्हटलं, “मराठीत सांगायचं तर दालचिनीची वळकटी.” ती हसली, पण नाव चुकीचं नव्हतं. मळलेल्या मैद्याची चादर लाटायची, तिच्यावर लोणी, गूळ आणि दालचिनी पसरायची, अंथरुणासारखी घट्ट गुंडाळायची, मग तुकडे करून भट्टीत घालायचे.

तिने विचारलं, “अम्मी, अंडं घालू की नको?”

मी म्हटलं, “नको. श्रावण आहे. वरच्या काकूंना द्यायचे असतील तर अंडं नको.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि तुझ्या शाळेतल्या टीचरनी पुन्हा नाही म्हटलं तर?”

हा प्रश्न तिला का पडला ते सांगायला हवं. काही दिवसांपूर्वी मी शिक्षककक्षात घरी केलेली नानकटाई नेली होती. एका सहकारी बाईंनी अगदी नम्रपणे सांगितलं, “मॅडम, मी बाहेरचं खात नाही.” मी डबा बंद केला. दहा मिनिटांनी चहा आला, त्याबरोबर बेकरीतली खारी आली, आणि त्यांनी दोन खाऱ्या चहात बुडवून खाल्ल्या. म्हणजे बेकरीतली खारी घरची झाली आणि माझ्या घरची नानकटाई बाहेरची ठरली. मला राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण घरी येऊन हे मी लेकीसमोर बोलले, ही चूक माझी. मुलं असं काही विसरत नाहीत.

तिच्या प्रश्नाला त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पीठ फुगायला दोन तास लागणार होते आणि मी शिक्षिका आहे, त्यामुळे बोलण्यापासून सुटका नव्हती. त्या सकाळी आम्ही दोघी जे बोललो, ते थोडं नीट मांडून इथे लिहिते आहे.

सुरुवात शब्दांपासून केली, कारण उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्दच आधी दिसतात. ओट्यावर काय काय होतं? मैदा हा शब्द फारसीतून आला. साखर मूळची संस्कृत ‘शर्करा’. ती इराणात जाऊन ‘शकर’ झाली, अरबांकडे ‘सुक्कर’ झाली आणि तिथून युरोपभर पोचली. दालचिनी म्हणजे फारसीतलं ‘दारचीनी’. दार म्हणजे लाकूड, चीनी म्हणजे चीनचं. चीनचं लाकूड! मराठीने त्यातल्या ‘र’चा ‘ल’ केला आणि शब्द आपलासा केला. मीठ, दूध, लोणी मात्र इथलंच. तेवढ्या एका परातीत चार-पाच मुलखांच्या भाषा मळल्या जात होत्या आणि पिठाने कुठेही तक्रार केली नाही.

तोवर सासूबाई उठून आल्या. त्यांनाही घरात सगळे अम्मीच म्हणतात. कोमट दुधात यीस्टला फेस येताना पाहून त्यांनी लेकीला विचारलं, “ये दारू तो नै ना बेटा?” लेक हसायला लागली. मी तिला थांबवलं, कारण अम्मींचा प्रश्न भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. अरबीत ‘खमीर’ म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण आणि ‘ख़म्र’ म्हणजे मद्य. दोन्ही शब्द ख-म-र या एकाच धातूपासून आले आहेत. स्त्रियांच्या ओढणीला म्हणतात तो ‘ख़िमार’सुद्धा त्याच कुटुंबातला. झाकणं, आतल्या आत पालटणं हा या सगळ्यांच्या मुळाशी असलेला अर्थ. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ती साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. त्याने पीठ फुगतं. थोडं अल्कोहोलही तयार होतं, पण ते भट्टीच्या उष्णतेत जवळजवळ सगळं उडून जातं. हे काम जिवंत जीव करतात हे लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी दाखवून दिलं. आपल्या आज्या-पणज्या मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कालच्या पिठाचा गोळा आजच्या पिठात घालून खमिरी रोटी करत होत्या. एवढं ऐकल्यावर अम्मींचं समाधान झालं. “मग हे शीरमालच की,” त्या म्हणाल्या. तेही खरंच. दूध, तूप, साखर आणि मैद्याची ती खमिरी रोटी. ‘शीर’ म्हणजे दूधच. स्वीडनमधल्या आणि अमेरिकेतल्या बेकऱ्यांत आज जो रोल मिळतो, त्याची एक चुलत बहीण आपल्या दस्तरख्वानावर केव्हापासून बसलेली आहे.

दालचिनीची गोष्ट याहून लांबची. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की मोठमोठे पक्षी दालचिनीच्या काड्या आणून उंच कड्यांवर घरटी बांधतात. अरब लोक खाली मांसाचे मोठे तुकडे ठेवतात, पक्षी ते घरट्यात नेतात, वजनाने घरटी कोसळतात आणि मग काड्या गोळा केल्या जातात. पुढे पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने हे थोतांड ओळखलं. त्याचं म्हणणं सरळ होतं: भाव वाढवायला रचलेल्या या कहाण्या. माल कुठून येतो, कोणाच्या हातून येतो, हे लपवलं की किंमत वाढते.

खरी पातळ सालीची दालचिनी श्रीलंकेची. १३४४ मध्ये इब्न बतूता तिथे उतरला तेव्हा त्याला किनाऱ्यावर पुराने वाहून आणलेल्या दालचिनीच्या लाकडांचे ढीग दिसले. मलबार आणि माबरचे लोक ती फुकट नेत आणि बदल्यात राजाला कापड भेट देत, असं त्याने नोंदवलं आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज तिथे आले आणि भेटीची जागा तोफांनी घेतली. १६५८ मध्ये डचांनी त्यांना हाकललं, १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांना. ज्या सालीसाठी एवढी युद्धं झाली, ती आपण आज पुलाव्याच्या फोडणीत टाकतो आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

लेक म्हणाली, “पण यात लोणावळा कुठे आहे?”

लोणावळा या गोष्टीच्या अगदी मध्यावर आहे. घरापासून थोड्या अंतरावर कार्ल्याची लेणी आहेत. शाळेच्या सहलीत आपण ती बघतो, एकवीरेच्या पायऱ्या मोजतो आणि भजी खाऊन परत येतो. पण चैत्यगृहातले शिलालेख वाचले तर दोन हजार वर्षांपूर्वीचा बाजार उभा राहतो. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांनी इथे दान दिलं. एकेका खांबावर दात्याचं नाव आहे. त्यांतले कित्येक धेनुकाकटचे ‘यवन’ आहेत, म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडचे परदेशी. आणि दाराचं दान देणारा आहे सिंहदत्त, धेनुकाकटचाच एक ‘गांधिक’. गांधिक म्हणजे सुगंधी वस्तू विकणारा. आपल्या भाषेत सांगायचं तर अत्तार. महाराष्ट्रातल्या गावोगावी अत्तार आडनावाची मुस्लीम कुटुंबं आहेत. अत्तर, सुरमा, जडीबुटी आणि सुगंधी मसाल्याचे पदार्थ हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्या भव्य चैत्याच्या दारावर एका अत्ताराचं नाव आहे, खांबांवर परदेश्यांची नावं आहेत आणि कोणीही ती पुसून टाकली नाहीत. दान घेताना भिक्षूंनी ‘कोणाच्या हातचं?’ असं विचारलं असतं, तर ते चैत्यगृह अर्धंच राहिलं असतं.

पावाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारला गेला आणि फार वाईट रीतीने विचारला गेला. पाव हा शब्दच पोर्तुगीज ‘पांव’चा. गोव्यात पाव भाजणारा तो ‘पोदेर’. तिथे यीस्ट मिळत नसे, तेव्हा माडाची सूर घालून पीठ आंबवत. पोर्तुगीजांच्या ताब्यात वसई १५३४ ते १७३९ इतका काळ होती. वसई-गोव्याच्या पट्ट्यात आजही सांगतात की विहिरीत पाव टाकला आणि अख्खं गाव बाटलं. घटना प्रत्येक गावात तशीच घडली असेल-नसेल, पण समजूत खरी होती. पाण्यात पावाचा तुकडा पडला की पिणारा कायमचा परका. ज्यांनी नकळत ते पाणी प्यायलं, त्यांना परत घ्यायला जातवाले तयार नसत. या गोष्टीत पाव टाकणाऱ्याचा दोष सगळे सांगतात. दार बंद करणाऱ्याचा फार कोणी सांगत नाही.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात पाव खाणं ही बंडखोरी ठरली. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्यामागे होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचं व्याकरण आम्ही मराठीचे शिक्षक अजूनही मानतो. जातिभेद मोडायचा हा सभेचा हेतू. नव्या सभासदाला काय करावं लागे? पावाचा तुकडा खावा लागे. पण हे सगळं गुपचूप. १८६० च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. धाडसी माणसं होती, पण पावाच्या एका तुकड्याची भीती त्यांच्याही धाडसापेक्षा मोठी निघाली.

त्यानंतर तीस वर्षांनी पुण्यात तेच नाटक पुन्हा झालं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. मिशनने चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा प्यायला, कुणी नुसता पेला हातात घेतला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. घराघरांत बहिष्काराची भीती शिरली. कुणाच्या मुलीला माहेरी येता येईना, कुणाकडे श्राद्धाला ब्राह्मण मिळेना. शेवटी मित्रांच्या घरची ओढाताण पाहून रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे. त्या वेळी सुट्टीसाठी त्यांचा मुक्काम होता आपल्या लोणावळ्याला. इथून रानडे पुण्याला गेले, प्रायश्चित्त घेतलं आणि परत आले. रमाबाईंना ते रुचलं नाही. मी जेव्हा जेव्हा लोणावळा स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी असते, तेव्हा मला ते आठवतं. हायकोर्टाचा न्यायाधीश होणारा एवढा मोठा माणूस, आणि एका पेल्याचं प्रायश्चित्त!

ज्या रेल्वेने ते गेले, तिचीही गोष्ट याच घाटातली. बोरघाटाची गाडीवाट १८३० मध्ये खुली झाली आणि रेल्वे १८६३ मध्ये. सुमारे २५ किलोमीटरची चढण, १,८३१ फूट उंची, २५ बोगदे. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने ठेका स्वतःकडे घेतला. तिच्याबद्दल लोक आवडीने लिहितात, लिहावंच. पण पटकीने आणि दगडांखाली मेलेल्या मजुरांची नावं कुठल्याच खांबावर नाहीत. कार्ल्याच्या सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. बोगदे खोदणाऱ्यांचं दोनशेही टिकलं नाही.

रेल्वे आली आणि ‘कोणाच्या हातचं?’ विचारणं हळूहळू अवघड झालं. डब्यात शेजारी कोण बसलंय ते निवडता येत नाही. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली आणि तिच्या भोजनयानातला टोस्ट हा घाटातल्या प्रवासाचा भाग झाला. खाली मुंबईत इराण्यांची हॉटेलं निघाली, गोवेकरांच्या आणि मुसलमानांच्या बेकऱ्या निघाल्या. पहाटे दोन-तीनला भट्टीपुढे उभं राहून लादीपाव भाजणारे कारागीर बहुतेकदा परगावचे, उत्तरेतले, आणि पुष्कळसे मुसलमान. १९६० च्या दशकात त्याच लादीपावात बटाटावडा शिरला. पाव पोर्तुगीजांनी आणलेला, बटाटा आणि मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आलेली, भाजणारा हात भलत्याचा, आणि पदार्थ अस्सल मराठी! यात काही विसंगत नाही. भुकेच्या वेळी समाज शहाणा होतो, एवढाच त्याचा अर्थ.

पण शहाणपण कायमचं नसतं. आता पुन्हा मोबाइलवर संदेश फिरतात: अमुक बेकरीतून घेऊ नका, तमुक लोकांच्या हातचं खाऊ नका. विहिरीतला पाव आता फोनमध्ये पडतो.

इथे मला आपल्या घरातही पाहायला हवं. आपण मुसलमान विचारत नाही का? विचारतो. बिस्किटात चरबी कुठली, जिलेटिन कशाचं, इसेन्समध्ये काय. मांसाच्या बाबतीत तर जनावर कसं आणि कोणी कापलं हेही विचारतो. तो दीनचा भाग आहे आणि मी तो लपवणार नाही. पण पाव, दूध, भाजी, मिठाई यांच्या बाबतीत आपल्याकडेही कधीकधी दुसराच प्रश्न डोकावतो. आमच्याच नात्यात एक बुजुर्ग होते. ते एका विशिष्ट बिरादरीकडचं जेवण काही ना काही निमित्ताने टाळत. निमित्त तब्येतीचं असे. सगळ्यांना कळे आणि कोणीच बोलत नसे. त्यामुळे हा रोग फक्त समोरच्या घरातला आहे, असं मी माझ्या लेकीला सांगू शकत नाही.

तिला मी इतकंच सांगितलं की प्रश्न दोन आहेत. एक: यात काय आहे? दुसरा: हे कोणाच्या हातचं आहे? पहिला प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. श्रावण पाळणाऱ्याला, जैनाला, हलाल बघणाऱ्याला, मधुमेह असलेल्याला. त्याचं उत्तर खरं द्यावं आणि ऐकून घ्यावं. दुसरा प्रश्न पदार्थाबद्दल नसतोच, तो माणसाबद्दल असतो. पंचायत अशी की दुसरा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्याचे कपडे घालून येतो. ‘बाहेरचं खात नाही’ हे त्याचंच एक रूप.

एव्हाना पीठ दुप्पट झालं होतं. पावसाळी थंडीत ते फुगायला वेळ लागतो, म्हणून बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाडग्याशेजारी ठेवलं होतं. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम यीस्ट, तीनशे मिलिलिटर दूध, पाऊण वाटी लोणी आणि तेवढीच साखर. लेकीने चादर लाटली, वर लोणी, किसलेला गूळ आणि दालचिनीची पूड पसरली, वळकटी केली. सुरीने कापताना ती चेपत होती, तेव्हा अम्मींनी शिवणाच्या डब्यातला दोरा काढून दिला. दोरा वळकटीखालून घालायचा, वर फुली करून ओढायचा; गोल तुकडा जसाच्या तसा सुटतो. बारा तुकडे झाले. पुन्हा अर्धा तास झाकून ठेवले, मग १८० अंशांवर पंचवीस मिनिटं. अर्ध्या तासात जिन्यापर्यंत वास गेला. एक तुकडा खाली पडला, तो अम्मींनी उचलला, पुसला, चुंबून बाजूला ठेवला. रिझ्क जमिनीवर राहू देत नाहीत.

स्वीडनमध्ये १९९९ पासून ४ ऑक्टोबर हा दालचिनीच्या बनचा दिवस म्हणून पाळतात. त्या देशात दालचिनी उगवत नाही आणि त्या पिठात घालतात ती वेलचीही उगवत नाही. तरी तो पदार्थ त्यांचा आहे, कारण ते पिढ्यान्‌पिढ्या घरी करतात आणि शेजाऱ्याला कॉफीबरोबर देतात. पदार्थ आपला होतो तो असा.

लेकीने दोन डबे भरले. प्रत्येकावर तिच्या हस्ताक्षरात चिठ्ठी चिकटवली: मैदा, दूध, लोणी, साखर, गूळ, दालचिनी, यीस्ट, मीठ. अंडं नाही. खाली तिने स्वतःचं नावही लिहिलं. मी म्हटलं, नाव कशाला? ती म्हणाली, “केले मीच ना?” कार्ल्याच्या खांबांवरच्या नावांचं एवढं सांगितल्यावर मला पुढे बोलता येईना.

वरच्या काकूंनी चष्मा लावून चिठ्ठी पूर्ण वाचली. मग विचारलं, “गोडात दालचिनी? आम्ही तर मसाल्यात घालतो गं.” मग उभ्याउभ्याच एक तुकडा तोंडात टाकला.

दुसरा डबा सोमवारी शाळेत नेला. त्या बाईंनी चिठ्ठी वाचली, लेकीचं अक्षर सुंदर आहे म्हणाल्या आणि डबा पुढे सरकवला. “आज सोमवार, उपवास आहे.” श्रावणी सोमवार होता, तेव्हा उपवास असणारच. मी बुधवारी पुन्हा नेणार आहे.